सगळं धरून : मॉरिशसमधले सात दिवस आणि दोन करारनामे



जुन्या बडोद्याच्या आठवणी सोडून आज जरा समुद्रापलीकडचं लिहितोय. पण शेवटी बडोद्याला येणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलाने आणि सूनबाईंनी परस्पर ठरवून 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघांना मॉरिशसला नेलं. मुलगा, सून, नऊ वर्षांची नात, पाच वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं, असे सहा जण. समुद्रकाठचं रिसॉर्ट, सात रात्री, 'ऑल इन्क्लुझिव्ह'. म्हणजे राहणं, तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, पेयं, मुलांचे खेळ, काचेच्या तळाची होडी, रात्रीचा कार्यक्रम, सगळं धरून. गेल्या गेल्या काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. मोठ्यांचा निळा, मुलांचा पिवळा. "आता पाकीट तिजोरीत ठेवा, लागणार नाही," म्हणाली.

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला पाकीट तिजोरीत ठेव म्हणणं म्हणजे चष्मा काढून ठेव म्हणण्यासारखं. पहिल्या दिवशी मी शहाळं घेतलं आणि सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा. दुसऱ्या दिवशी मी कागदावर आकडे मांडायला बसलो, की माणशी रोज किती खाल्लं-प्यालं म्हणजे भरलेले पैसे वसूल होतील. सौ. म्हणाली, "अहो, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. आता तरी दिवसाची टॅली बंद करा."

पण खरा प्रश्न नातीने विचारला. तिसरं आइस्क्रीम हातात घेऊन ती म्हणाली, "आजोबा, इथे पैसे कोण देतं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी आधीच दिलेत." तिने विचार केला आणि म्हणाली, "तेवढ्यात सगळं होतं? मग बाकीचे कोण देतं?"

कॉमर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात, प्रत्येक नावेला जमा असते. पोरीने कॉलेजात न जाताच विचारलं. तिथल्या आरामखुर्चीत आणि परत आल्यावरही मी यावर बरंच वाचलं. ते इथे मांडतो.

सगळं धरून सुट्टी विकायची कल्पना श्रीमंतांची नाही, ती कामगारांची आहे. इंग्लंडमध्ये बिली बटलिन नावाचा जत्रेत खेळांचे स्टॉल लावणारा माणूस होता. त्या काळी समुद्रावर सुट्टीला गेलेली कुटुंबं घरगुती खोल्यांमधून उतरायची. मालकीणबाई सकाळचा नाश्ता झाला की पाहुण्यांना बाहेर काढायच्या, मग जेवणाच्या वेळेपर्यंत पावसात भिजत फिरा. ते पाहून बटलिनने 1936 मध्ये स्केगनेस इथे छावणी उघडली. हंगामाप्रमाणे आठवड्याला 35 शिलिंग ते 3 पौंड, त्यात राहणं, तीन वेळा जेवण आणि करमणूक. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, अशी त्याची जाहिरात होती. त्याच 1936 साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजेचा कायदा झाला, 1938 मध्ये इंग्लंडमध्येही पगारी रजेचा कायदा आला. पगारी रजा नसती तर हे रिसॉर्ट वगैरे काही उभं राहिलं नसतं, हे आपण युनियनवाल्या पिढीने लक्षात ठेवावं.

दुसरा माणूस गेरार्ड ब्लिट्झ. बेल्जियमचा, वॉटर पोलो खेळणारा. महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटून आलेल्या माणसांना विश्रांती देणाऱ्या केंद्राचं काम त्याने पाहिलं होतं. ऊन, पाणी, सोबत आणि चिंता नाही, एवढ्याने माणूस उभा राहतो हे त्याला तिथे दिसलं असणार. 1950 मध्ये त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबूंचं गाव वसवलं आणि 'क्लब मेडिटेरनी' सुरू केला. तंबू पुरवणारा व्यापारी जिल्बेर त्रिगानो पुढे त्याचा भागीदार आणि नंतर प्रमुख झाला. एकच रक्कम आधी भरायची. बारमध्ये जास्तीचं काही हवं तर गळ्यातल्या माळेतला मणी काढून द्यायचा. म्हणजे पैसे होते, फक्त पैशासारखे दिसत नव्हते! माझ्या मनगटावरचा निळा पट्टा हा त्या मण्यांचा नातू.

1967 मध्ये त्या क्लबने मुलांसाठी वेगळा विभाग काढला. आईबाप निवांत, मुलं खेळात, आणि आजी-आजोबा मधल्या मध्ये मोकळे. मग ही कल्पना वेस्ट इंडीजमध्ये पोचली. 1976 मध्ये जॉन इसा यांनी जमैकात निग्रिल इथे असं गाव काढलं. 1981 मध्ये जमैकाच्याच बुच स्टुअर्ट यांनी मोंटेगो बे इथलं जुनं हॉटेल घेऊन 'सँडल्स' सुरू केलं. तिथे फक्त जोडप्यांना प्रवेश, मुलांना बंदी! कुटुंबांसाठीची त्यांची वेगळी शाखा 'बीचेस' 1997 मध्ये आली. सत्तरच्या दशकात जमैकात राजकीय मारामाऱ्या चालू होत्या, पाहुणे बाहेर पडायला घाबरायचे. सगळं कुंपणाच्या आत मिळणं ही तेव्हा चैन नव्हती, गरज होती.

यातलं गणित विम्याचं आहे. सहाजणांत एक खूप खातो, दोघं बेताचं, आणि आमची सौ. ताकभातावर खूष. सरासरी काढली की मालकाला नुकसान नाही. शिवाय सगळे पैसे आधी हातात. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जेवण आतच फुकट मिळत असताना माणूस बाहेरच्या दुकानात पैसे टाकायला जात नाही. नातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. बाकीचे पैसे काही प्रमाणात कुंपणाबाहेरचा दुकानदार देतो, त्याच्याकडे न आलेल्या गिऱ्हाइकाच्या रूपाने.

आता मॉरिशस. हे बेट आधी डचांचं, मग फ्रेंचांचं, 1810 पासून इंग्रजांचं आणि 12 मार्च 1968 पासून स्वतंत्र. फ्रेंच काळात किनाऱ्यालगतची पन्नास पावलांची पट्टी सरकारसाठी राखून ठेवली होती, 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. ती आजही सरकारचीच, आणि आपण राहतो ती बरीचशी हॉटेलं त्या पट्टीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. 1970 मध्ये तिथे वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार प्रवासी यायचे. क्लब मेडिटेरनीने 1973 मध्ये उत्तर टोकाला आपलं गाव काढलं. 2018 मध्ये प्रवासी जवळपास 14 लाख झाले. त्याआधी या बेटाचा एकच धंदा होता, ऊस आणि साखर.

आमच्या टेबलावर वाढणारा एक गृहस्थ होता, पंचेचाळिशीचा. आम्हाला आपसात बोलताना ऐकून तिसऱ्या दिवशी जवळ आला आणि अगदी सावकाश म्हणाला, "आपण महाराष्ट्रातून आलात का?" मी घास तसाच ठेवला. म्हटलं, "बडोद्याहून. पण मराठीच." तो म्हणाला, "आम्हीसुद्धा मराठीच." घरी तो क्रेओल बोलतो. मराठी शाळेत शिकला. तिथे प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो. त्याची मराठी पुस्तकातली होती, एकेक शब्द ठेवून दिल्यासारखी, पण आमच्या नातीच्या इंग्रजी-गुजराती-मराठी खिचडीपेक्षा शुद्ध. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने अजून नाचतात. त्याचं आडनाव ऐकलं तर ते कोणाचं तरी पहिलं नाव. जहाजावरून उतरलेल्या माणसाने जे नाव सांगितलं आणि कारकुनाने जसं लिहिलं, तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, असं तिथे पुष्कळांचं आहे.

त्याची आजी उसात राबली. आई कपड्यांच्या कारखान्यात होती. 1970 मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा झाला, तेव्हापासून बेटावर ते कारखाने वाढले. आणि तो हॉटेलात. तीन पिढ्यांत बेटाचा सगळा अर्थव्यवहार आला.

त्याने विचारलं, "दोन तारखेची सुट्टी कशाची, आपल्याला माहीत आहे का?" माहीत नव्हतं. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईसला लागलं. गुलामगिरी संपत होती, 1 फेब्रुवारी 1835 ला ती तिथे कायद्याने गेली, आणि मळेवाल्यांना नवे हात हवे होते. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, काही हजार मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत आपले रत्नागिरीकडचे, कोकणातले लोक होते.

तो म्हणाला, "हॉटेलात राहून ते दिसत नाही. घाटावर जा."

सोमवारी मुलाने गाडी केली आणि आम्ही पोर्ट लुईसला आप्रवासी घाटावर गेलो. 2006 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. समुद्राकडून वर येणाऱ्या थोड्या दगडी पायऱ्या, काही भिंती, स्वयंपाकाची आणि आजाऱ्यांची जागा. भव्य काही नाही. पण त्या कराराच्या अटी वाचल्या आणि बँकेतला माणूस माझ्यात जागा झाला.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये. आणि त्याशिवाय रोज दोन पौंड तांदूळ, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम, अर्धा पौंड डाळ, मीठ, तेल. वर्षाला धोतर, घोंगडी, टोपी. राहायला जागा. येण्याचं भाडं. म्हणजे काय? सगळं धरून!

मी तिथे उभा राहून मनगटाकडे पाहिलं. निळा पट्टा होताच.

मंडळी, लगेच चिडू नका. मी बरोबरी करत नाही. आम्ही मजा करायला गेलो होतो, ते पोटासाठी. आमच्या मुलाने पैसे भरून पट्टा घेतला होता, त्यांनी अंग देऊन. पण हिशेबाची पद्धत पाहा. करारात लिहिलेलं सगळं ठळक, आणि न लिहिलेलं कळायचं उतरल्यावर. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, त्याला 'डबल कट' म्हणत. आजारपणही खाड्यात धरलं जाई. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसताना रस्त्यावर सापडला की पोलीस धरायचे. आम्हाला पट्टा आत राहण्याचं सुख देत होता. त्यांचा कागद बाहेर पडण्याची मनाई होता. फरक सगळा तिथे आहे. फाटक कोणत्या बाजूने उघडतं, त्यावर सुट्टी की सक्ती ते ठरतं.

1871 मध्ये ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने या मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर 9,401 सह्या नि अंगठे होते. चौकशीला रॉयल कमिशन आलं. अर्ज करणाऱ्या प्लेव्हित्झना मळेवाल्यांनी रस्त्यात मारहाणही केली.

आणि आता बडोदा. 1901 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना जहाज थांबलं म्हणून काही दिवस मॉरिशसमध्ये होते. तिथली परिस्थिती त्यांनी पाहिली. पुढे 1907 मध्ये तिथल्या लोकांची बाजू मांडायला एक तरुण बॅरिस्टर गेला. मणिलाल मगनलाल डॉक्टर. जन्म 1881, आणि जन्मगाव आपलं बडोदं! कोर्टात हिंदी माणसाने पागोटं आणि जोडे उतरावेत, असा तिथे दंडक होता. मणिलालनी तो मानला नाही. 1909 मध्ये त्यांनी 'हिंदुस्थानी' नावाचं पत्र काढलं आणि त्या साली आलेल्या कमिशनपुढे मजुरांच्या बाजूने साक्ष दिली. 1910 मध्ये मॉरिशससाठी करारावर मजूर नेणं बंद झालं. आयुष्य बडोद्यात गेलं, रोज मांडवीवरून गेलो, पण हे नाव मी मॉरिशसला जाऊन ऐकलं. याची मला लाज वाटली.

पोर्ट लुईसमध्ये फिरताना सौ.ने कोपराने ढोसलं, "अहो, तुमची पाटी!" बँक ऑफ बडोदा. महाराज सयाजीरावांनी 1908 मध्ये काढलेली बँक 1962 पासून त्या बेटावर आहे. मी नोकरी दुसऱ्या बँकेत केली, पण बडोदेकराला ती पाटी घरची वाटणारच. खिशातली नोट काढून पाहिली. मॉरिशसचं चलनही रुपयाच. मजुरांबरोबर हिंदुस्थानचा रुपया तिथे इतका पसरला, की 1876 मध्ये सरकारने कायद्याने रुपयाच चलन ठरवला. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरं. ज्यांना महिना पाच रुपये मिळत होते, त्यांच्या रुपयाने बेटाचं नाणं झालं. याहून मोठी जमेची नोंद मी कुठल्या लेजरमध्ये पाहिलेली नाही.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या गाडीवर डाळपुरी खाल्ली. चण्याच्या डाळीची, पातळ, जोडीने मिळते, वर रस्सा आणि चटणी. सात दिवसांत मी रोख पैसे देऊन खाल्लेलं ते जवळपास एकच जेवण, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त तेच आठवतं.

आदल्या रविवारी संध्याकाळी मी वाळूतून चालत हॉटेलच्या हद्दीपलीकडे गेलो होतो. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा तिथे सगळ्यांचा असतो. सुरूच्या झाडांखाली तिथली कुटुंबं आली होती. मोठमोठी पातेली, चटया, पोरांच्या हातात चेंडू, एकजण डफासारखं रावान वाजवत होता. सेगा चालू होता. सेगा हे गुलामांचं नाचगाणं. आमच्या हॉटेलात शुक्रवारी रात्री तो दिव्यांच्या झगमगाटात दाखवला होता, इथे तो आपला घरचा होता. मला आपल्या आजव्याच्या सहली आठवल्या. आई पहाटे तीनला उठून पुऱ्या तळायची, बटाट्याची भाजी, दहीभात, वडिलांचा चहाचा थर्मास. तेव्हाही आम्ही पोरांनी एक पैसा दिला नाही. तेही सगळं धरूनच होतं. ते पैसे आईच्या झोपेतून वळते होत होते, आणि हे मला पंचाहत्तराव्या वर्षी परक्या देशातल्या वाळूत उभं राहून कळलं.

आता मनातली गोष्ट लिहितो. माझे पणजोबा राजापूरकडचे. सयाजीरावांच्या काळात बडोद्याला आले आणि कचेरीत कारकून झाले. म्हणून आजोबा शिकले, वडील शिकले, मी बँकेत गेलो, मुलगा इंजिनिअर झाला आणि नातवाच्या हाताला पिवळा पट्टा बांधला गेला. त्यांच्याआधी एक-दोन पिढ्या, त्याच कोकणातून, तसल्याच उपासमारीतून दुसरा कोणी मुंबई बंदरात गेला आणि जहाजात चढला. त्याच्या पणतवंडाने आम्हाला वाढलं. दोघांच्या अकलेत की कष्टात फरक होता? मला वाटत नाही. माझ्या पणजोबांना वाचता येत होतं. दुसऱ्याने कागदावर अंगठा दिला. आणि त्या काळी कोणाला वाचता यावं हे जातच ठरवत होती. आपण बडोद्याची मराठी मंडळी आपल्या पूर्वजांच्या कर्तबगारीचं बोलतो, बोलावंच, पण ही बाजूही त्याच पानावर लिहिली पाहिजे.

निघायच्या दिवशी त्या गृहस्थाचा निरोप घेतला. टिप देऊ लागलो तर म्हणाला, "नको, सगळं धरून आहे." मग हसला. मी म्हटलं, "हे नातीकडून आहे." तेव्हा घेतलं. नातीने विमानात पुन्हा विचारलं, "मग बाकीचे पैसे कोण देतं ते सांगितलंच नाहीत." मी तिला घाटावरच्या पायऱ्यांची गोष्ट सांगितली. पूर्ण कळली की नाही, माहीत नाही. पण तिने कात्रीने कापलेला आपला पिवळा पट्टा फेकला नाही.

शेवटी एक विनंती. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या स्थलांतरितांची नोंदपुस्तकं जपून ठेवली आहेत. नाव, गाव, वय, जहाज, पुष्कळांचे फोटोही. तिथले लोक आपल्या गावाचा शोध घ्यायला येतात. त्यांच्याकडे गावाचं नाव असतं, पण इकडे ओळखणारं कोणी नसतं. आपल्यापैकी ज्यांची मुळं रत्नागिरी, सावंतवाडीकडे आहेत, त्यांच्या घरी जुनी पत्रं, कुळाच्या वह्या असतील, एखाद्या आजीच्या तोंडी 'मिरिचला गेलेला' असा कोणाचा उल्लेख असेल. 'मिरिच' म्हणजे मॉरिशस, हे मलाही आता कळलं. असं काही सापडलं तर इथे जरूर लिहा. ज्येष्ठांना विचारायचं असेल तर लवकर विचारा. आपल्या वयात मुदत ठेवी फार लांबच्या ठेवू नयेत.

लेख लांबला. सांभाळून घ्या.